माया सोडलेलं निळं जाकीट

माझी आई ब्लाउज शिवायची. त्यामुळे कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. रंग, किंमत, अंगावर कसा दिसतो, हे सगळं नंतर. बुडापेस्टमध्ये सहा वर्षं झाली तरी ही खोड सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, सातव्या केरूलेटमधल्या (केरूलेट म्हणजे वॉर्डच म्हणा) एका चिंचोळ्या दुकानात मी एक निळं जाकीट असंच उलटं केलं. गल्ल्यामागे बसलेल्या बाई कशाची तरी शिवण उसवत होत्या. त्यांनी मान वर केली आणि काही न बोलता टेबलावरचा दिवा माझ्या बाजूला वळवला. आतलं नीट दिसावं म्हणून. अर्धा सौदा तिथेच झाला.

उरलेल्या अर्ध्याला तीन आठवडे लागले, कारण किंमत होती 72,000 फोरिंट. चार फोरिंटांना एक रुपया असा ढोबळ हिशोब धरला तरी अठरा हजार रुपये, तेही बिनअस्तराच्या सुती जाकिटाला. मी इथे पोटापाण्यासाठी दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, तर हेही तपासलं. त्यातले 15,307 फोरिंट आफा, म्हणजे इथला व्हॅट. हंगेरीत तो 27 टक्के आहे, युरोपियन युनियनमध्ये सगळ्यांत जास्त. बाईंच्या पदरात पडतात 56,693, आणि त्यातून कापड, जागेचं भाडं, शिवणारीची मजुरी. असं मांडल्यावर जाकीट स्वस्त झालं नाही, पण कुणी लुबाडतंय असं वाटेना.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहू का विचारलं तर बाई म्हणाल्या, आहेत त्याच ऑर्डरी वेळेत होत नाहीत.

तर कापड. याला केकफेश्तो म्हणतात. केक म्हणजे निळा, फेश्तो म्हणजे रंगवणारा. कारागिराला आणि त्याच्या कापडाला एकच नाव. (माझ्या भावाला फोनवर पहिली पाच मिनिटं मी बेकरीबद्दल बोलतेय असं वाटत होतं.) गडद निळीवर पांढरी बारीक नक्षी: ठिपके, वेल, ट्युलिप. लांबून बघितलं तर आपल्याकडचं कुठलंही ठसाछपाईचं कापड वाटेल, आणि ते वाटणं अगदीच चूक नाही. युरोपात निळीसाठी पूर्वी वोड नावाचं रोप वापरत. समुद्रमार्गे आपल्याकडची नीळ यायला लागली आणि वोडचा धंदा बसला. हंगेरियनमध्ये नीळ म्हणजे ‘इंडिगो’च; गंमत म्हणजे कार्बन पेपरलाही हे लोक इंडिगो म्हणतात.

हे काम रंग लावून होत नाही, रंग अडवून होतं. पांढऱ्या कापडावर लाकडी ठशाने एक लेप छापायचा. ठसा बहुधा नासपतीच्या लाकडाचा, बारीक नक्षीसाठी त्यात पितळेच्या पट्ट्या आणि खिळे ठोकलेले. लेप वाळू द्यायचा. मग कापड लोखंडी कड्याच्या आकड्यांवर पसरून, दोरखंडाने खोल पिंपातल्या निळीत सोडायचं. बाहेर निघतं तेव्हा ते पिवळट हिरवं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवा. जितक्या बुड्या तितका गडद रंग. शेवटी सौम्य आम्लात लेप काढला की त्याच्याखालची पांढरी नक्षी उघडी पडते. हंगेरी, ऑस्ट्रिया, चेकिया, जर्मनी आणि स्लोव्हाकिया या पाच देशांच्या नावाने ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

मी हे वाचून सांगत नाही. म्हणजे थोडं वाचलंय, पण पापा नावाच्या गावी जाऊनही आले. ग्योरमार्गे गाडी जाते. तिथे क्लुगे कुटुंबाचा रंगशाळेचा वाडा आहे. 1786 मध्ये ते तिथे आले, काम जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चाललं, आणि 1962 पासून तिथे संग्रहालय आहे. पिंपं जागच्या जागी आहेत. मला सगळ्यात आवडलं ते कापडाला चकाकी आणायचं यंत्र: वजनाने जड केलेली अवाढव्य लाकडी पेटी, तिच्याखाली जाड लाटण्यांवर गुंडाळलेलं खळ दिलेलं कापड, आणि पेटी पुढे-मागे ओढायची. इस्त्रीचा आजोबाच. नव्या केकफेश्तोला जी मेणचट चमक असते ती या रगडण्याची आणि खळीची. पहिल्या धुण्यात ती जाते. विकत घेताना चमक बघून भुललात तर पंधरा दिवसांनी हिरमोड होईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता नकली कसं ओळखायचं, कारण पर्यटकांच्या रस्त्यांवर निळ्या-पांढऱ्या एप्रनांचे ढीग लागलेले असतात. उलटं करा. छापखान्यातल्या कापडावर निळा रंग वरून चढवलेला असतो, मागची बाजू फिकी, पांढुरकी. खरं केकफेश्तो अख्खं बुडवलेलं असतं, त्यामुळे मागून ते निळंच असतं. लेप पुढच्या बाजूला असल्याने नक्षी मागे नसते किंवा पुसट दिसते. एवढी एकच परीक्षा, तीही फुकटात.

माझ्या जाकिटाच्या चिठ्ठीवर ‘तेर्मेसेतेश’ म्हणजे नैसर्गिक असं लिहिलं होतं. मी विचारलं, नीळ झाडाची का? बाई म्हणाल्या, नाही, कारखान्याची. चिठ्ठी आधीच्या वेळी छापलेली, कापड सुती आहे एवढाच तिचा अर्थ. जर्मनीतल्या बीएएसएफने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि रेणू म्हणून दोन्ही एकच. कापूस कुठला? तोही बाहेरचा; हंगेरीत कापूस पिकत नाही. म्हणजे ‘स्थानिक’ काय, तर छपाई, बुडवणं आणि शिवण. मला हे उत्तर आवडलं. इथल्या निम्म्या दुकानांत ‘फेन्तार्तहातो’ (शाश्वत) हा शब्द दारापासून पिशवीपर्यंत सगळीकडे असतो आणि कापूस कुठून आला विचारलं की विक्रेती मुलगी फोनमध्ये शोधायला लागते. इथे निदान विचारल्यावर खरं कळलं. चिठ्ठी मात्र अजून तीच आहे. मागच्या महिन्यात बघितली.

पण मी पैसे दिले ते निळीसाठी नाहीत. शिवणीसाठी दिले. आत एकही धागा उघडा नाही, सगळ्या शिवणी दुमडून बंद केलेल्या, इंटरलॉक कुठेच नाही. आणि काखेखालच्या दोन्ही शिवणींत, पाठीच्या मधल्या शिवणीत आणि बाह्यांच्या टोकाला चक्क माया सोडलेली. शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते: कपडा पुढे सैल करता यावा म्हणून आत जे जास्तीचं कापड ठेवतात ती माया. आईच्या ब्लाउजात दोन्हीकडे दीड-दीड इंच असायची. तयार कपड्यांत ती सहसा नसते, कारण हजार नग कापायचे असले की प्रत्येकी दोन इंच कापड म्हणजे पैसे. मी टेपने मोजलं. बाजूच्या शिवणीत तीन सेंटिमीटर. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती आधी म्हणाली, “कॅमेरा हलवू नकोस,” आणि मग, “अगं, ही बाई घरातल्यांसाठी शिवणारी दिसते.”

दोन हिवाळ्यांत काय झालं ते आता.

पहिला महिना रंग गेला. ऑफिसातल्या फिक्या खुर्चीच्या पाठीवर माझी निळी सावली उमटली, ती मी बेकिंग सोड्याने गुपचूप घासून काढली. निळीचं हे असंच असतं, सुरुवातीला घासून सुटते. पहिल्या चार धुण्यांना जाकीट एकटंच, गार पाण्यात, शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर. पांढरा शर्ट आत घालू नका. कॉलरीचा आतला भाग निळा झाला तर तो जाणार नाही, माझा एक गेलाय.

मग रंग स्थिरावला आणि जाकीट मऊ होत गेलं. कोपर, खिशाच्या कडा, गुंड्यांची पट्टी इथे ते हलकं फिकं झालंय, जुन्या जीन्ससारखं. पांढरी नक्षी मात्र पिवळी पडली नाही. एक लाकडी गुंडी ट्रामच्या दारात अडकून फुटली. दुकानात गेले, बाईंनी डबा काढला, जुळणारी शोधून तिथेच लावून दिली, पैसे घेतले नाहीत. घेतले असते तरी मी दिले असते.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत माझं वजन पाच किलोने वाढलं. (पोगाचा नावाची खारी ऑफिसच्या खाली ताजी मिळते, अधिक बोलत नाही.) तेव्हा ती माया कामाला आली. दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर सोडलं. गंमत अशी की आत दडलेलं कापड उजेडाला आल्यावर दोन्ही बाजूंना गडद निळी उभी रेघ दिसायला लागली, विकत घेतलं तेव्हाचा रंग तो. काही मैत्रिणींना वाटतं ते डिझाइन आहे. मी वाटू देते.

बोचलेलं एक: खिसे. हात घातले तर बोटं आत, मनगट बाहेर. फोन ठेवला की तिसऱ्या पायरीला उडी मारतो. एवढी शिवणीची समज असलेल्या बाईंनी असे खिसे का द्यावेत, मला कळलेलं नाही. आणि मापं. मोठ्या मापात तयार काही नसतं, ऑर्डर द्यावी लागते. मला सांगितले होते सहा आठवडे, लागले दहा. फोन मीच करायचे.

याच दोन वर्षांत हंगेरियन डिझाइनच्या नावाने आणखी काय काय घेतलं, तेही सांगते, कारण जाकिटाची किंमत त्यांच्या शेजारी ठेवल्यावर कळते.

मात्यो भरतकाम. मेझोकोवेश्द आणि आजूबाजूची दोन गावं यांचं हे भरीव टाक्याचं काम, मोठाल्या लाल गुलाबांचं. 2012 मध्ये तेही युनेस्कोच्या यादीत आलं. मी केलेती स्टेशनवरून गाडीने गेले होते. तिथे मात्यो नक्षी काढणाऱ्या किशयांको बोरीचं (1876–1954) छोटं घर बघायला मिळतं. ती भरत नसे तितकी आखत असे. नक्षी काढणाऱ्या बायांना तिथे ‘लिहिणाऱ्या बाया’ म्हणतात. मात्यो लोकांची एक म्हण सांगतात: पोट गुरगुरलं तरी चालेल, अंगावर झगमग हवी. आता मात्यो डिझाइन नावाचा ब्रँड जवळच्या तार्द गावातल्या बायकांकडून साध्या टी-शर्टांवर हे काम करून घेतो. कल्पना नामी आहे: लग्नाच्या पेटीतला गुलाब जीन्सवर आला.

माझ्याकडे असला टी-शर्ट एका दुसऱ्या, लहान ब्रँडचा आहे. उलटा केला तर हातकाम लगेच ओळखू येतं: मागे धागे इकडून तिकडे उड्या मारत गेलेले, गाठी, एका पाकळीत मन बदललेलं. मशीनच्या कामामागे एकसारखा पांढरा दोरा आणि कागदासारखं कडक अस्तर असतं. माझ्या टी-शर्टावरचं काम अव्वल होतं. होजिअरी मात्र तशी नव्हती. दीड वर्षात बगलेत विरली, गळा लोंबला, आणि गुलाब तसाच्या तसा लालबुंद. कुणा नेनीने (वयस्क बायांना इथे नेनी म्हणतात, आपल्या मावशी-काकूंसारखं) दोन-तीन दिवस डोळे ताणून काढलेलं फूल दीड वर्ष टिकणाऱ्या कापडावर बसवायचं, हे मला मेणबत्तीवर अत्तर शिंपडल्यासारखं वाटलं. मी तो गुलाब कापून घेतला आणि जाड सुती पिशवीवर टाचला. आता तो मला पुरून उरेल.

ट्रकच्या जुन्या ट्यूबची बॅग. हा प्रकार इथे बराच चालतो, आणि वस्तू खरोखर मरत नाही. पहिले तीन महिने मात्र माझ्या घरात पंक्चरच्या दुकानाचा वास होता. शिवाय यात परंपरा कुठली, तर काही नाही. टाकाऊतून टिकाऊ आहे, तेवढंच म्हणावं.

याउलट, जुन्या गोणीची उशी. गोणी म्हणजे आपली ज्यूटची नव्हे. खेड्यांत बायकांनी घरी कातलेल्या, मागावर विणलेल्या हेम्पच्या (भांगेच्या कुळातल्या झाडाच्या धाग्याच्या) धान्याच्या गोण्या, इथल्या भाषेत ‘केन्देर’च्या. मधून लाल किंवा निळे पट्टे, एखादीवर मालकाची आद्याक्षरं. एचेरी नावाच्या जुन्या बाजारात त्या अजून मिळतात, आणि दोन-तीन तरुण डिझाइनर त्यांच्या बॅगा, उशा, खुर्चीची कापडं करतात. माझ्या उशीवर एक जुनं रफू आहे. इतकं सफाईदार की मी ते डिझाइनरने हौसेने केलं समजत होते. तिने सांगितलं, गोणी तशीच मिळाली. कुणीतरी उंदराने कुरतडलेलं भोक बुजवलंय. तिने कापताना ते रफू मुद्दाम मधोमध घेतलं. सगळ्या खरेदीत बुद्धी सगळ्यात जास्त दिसली ती इथे, आणि किंमत 11,000.

इकडे येणारे पाहुणे मला नेहमी विचारतात, कुठे कुठे जाऊ. रुम्बाख उत्सावर (उत्सा म्हणजे रस्ता) प्रिंटा नावाचं दुकान आहे, 2009 पासूनचं. मागे हाताने स्क्रीन प्रिंटिंग चालतं, आणि त्याच रस्त्यावर वास्तुविशारद ऑटो वाग्नरने आखलेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, म्हणून सोबत कपड्यांचा कंटाळा असणारं कुणी असेल तर त्याचीही सोय होते. अस्तोरिया चौकाजवळ तिसाचे बूट. त्याचा मूळ कारखाना मार्तफ्यू गावात बाटाने उभारलेला, होय, आपल्या शाळेच्या बुटांचा तोच बाटा; 1970 च्या दशकात ‘तिसा’ हे नाव साम्यवादी हंगेरीत घरोघर गेलं, नंतर बुडालं, आणि 2003 मध्ये परत आलं. रोमानी डिझाइनचे कपडे बघाच: एरिका वार्गाने रोमा (जिप्सी) समाजाच्या फुलाफुलांच्या, झगझगीत पेहरावातून उभं केलेलं काम. मला त्यातलं काही परवडलेलं नाही, पण तिथे उभं राहिल्यावर बाकीच्या दुकानांतले सगळे करडे-बदामी रंग अचानक भित्रे वाटतात. आणि तारखा जुळल्या तर वाम्प, 2006 पासून भरणारा डिझाइनरांचा बाजार. तिथे वस्तू करणारी व्यक्तीच समोर उभी असते, म्हणून कापूस कुठला हा प्रश्न विचारायला बरी जागा.

हेरेंदची चिनी मातीची भांडी आणि पेच गावच्या झोल्नई कारखान्याच्या भांड्यांवरची रंग बदलणारी चकाकी, दोन्ही सुंदर. मी काचेबाहेरून बघते. घरात चार वर्षांचा मुलगा आहे.

जाकिटाकडे परत येते, कारण परीक्षण त्याचं आहे. 72,000 भागिले आतापर्यंत अंगावर घातलेले दिवस, असा हिशोब मी करून ठेवलाय: साधारण दोनशे दिवस, दिवसाला 360 फोरिंट. टी-शर्ट साठ वेळा घातला असेन, 16,000 ला घेतलेला, म्हणजे दिवसाला 267. आज टी-शर्ट जिंकतो. पण तो मेला आणि जाकिटात अजून दोन सेंटिमीटर माया शिल्लक आहे.

गेल्या आठवड्यात नवऱ्यासाठी दुसरं सांगून आले. बाईंना म्हटलं, खिसे मनगटापर्यंत हवेत. त्या म्हणाल्या, मग पुढचा भाग वेगळा आखावा लागेल, 3,000 वाढतील. मी दिले. वेळ त्यांनी सहा आठवडे सांगितलाय. मी नवऱ्याला दहा सांगितलेत.